बिबड्यांचा घाटा हातावर सांडला, घरी काय करू आणि दवाखान्यात कधी जाऊ?

बोरीकाठची (अमळनेर)
रविवार, सकाळी 7:40

एका हाताने टाइप करतेय, चुका झाल्या तर समजून घ्या. आज पहाटे बिबडे (ज्वारीचे पापड) घालायला बसलो होतो. चार किलो ज्वारीचा घाटा, म्हणजे शिजवलेलं दाट पीठ, सासूबाई, मी आणि शेजारच्या दोघी. सव्वासहाच्या सुमारास पातेलं चुलीवरून उतरवताना कलंडलं आणि रटरटता घाटा डाव्या मनगटावर आणि हाताच्या पाठीवर पडला. झटकला तरी निघेना, इतका चिकट. शेवटी पदराने पुसून काढला. मिनिटभर पाणी ओतलं. सासूबाई म्हणाल्या, "आवं, हयद लाव." शेजारणीने टूथपेस्ट आणून दिली, ती गार लागली म्हणून थापली. आता पेस्ट वाळून ओढ बसतेय, आत आग होतेच आहे. बांगड्यांच्या वर लाल झालंय, दोन ठिकाणी फोड धरतायत. आज रविवार, आमचे नेहमीचे डॉक्टर नसतात. कुणी सांगेल का?

सिस्टर_चोपडा
रविवार, सकाळी 7:52

ताई, मी प्राथमिक आरोग्य केंद्रात 19 वर्षं ड्रेसिंग करते. आधी हे करा, बाकीचं नंतर वाचा.

बांगड्या आत्ताच काढा. हात सुजायला लागला की त्या निघणार नाहीत, उलट आवळून रक्त अडवतील. काचेच्या निघत नसतील तर वाढवा, मागेपुढे पाहू नका. अंगठी, घड्याळ, हाताला बांधलेला दोरा, सगळं काढा.

मग पेस्ट पाण्यानेच धुवा, खरवडू नका. आणि हात गार पाण्याच्या धारेखाली 20 मिनिटं धरा. घड्याळ लावून 20. मिनिटभर पाणी ओतून वरची कातडी गार झाली, पण आतली उष्णता तशीच राहिली. ती खालच्या थरांना अजून भाजत असते. भाजून 3 तास होत नाहीत तोवर पाण्याचा फायदा मिळतो, तुम्हाला तर दीडच तास झालाय. उठा.

बोरीकाठची (अमळनेर)
रविवार, सकाळी 7:55

नळ चौथ्या दिवशी येतो, टाकीत थोडंच पाणी आहे. रांजण भरलेला आहे, तो चालेल? फ्रिजमध्ये बर्फ पण आहे.

सिस्टर_चोपडा
रविवार, सकाळी 7:57

रांजणाचंच घ्या, त्याच्यासारखं दुसरं नाही. खाली बादली ठेवून तांब्याने हळूहळू धार धरा, बादलीत साठलेलं पाणी पुन्हा वापरलं तरी चालेल. दुसऱ्या कुणाला तरी ओतायला बसवा. बर्फ नको. बर्फाने तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात, आधीच दुखावलेल्या कातडीला रक्त कमी मिळतं आणि जखम खोल जाते.

बोरीकाठची (अमळनेर)
रविवार, सकाळी 8:31

20 मिनिटं केलं. सासूबाईंनीच पाणी ओतलं. चार बांगड्या वाढवाव्या लागल्या, त्यांना फार वाईट वाटलं, पण त्यांनीच वाढवल्या. आग खूपच कमी झाली. आता फोड स्पष्ट दिसतायत, एक रुपयाएवढा, एक लहान. बाकी लाल. आता काय लावू?

तापीकाठ
रविवार, सकाळी 8:40

ताई, माझं मत वेगळं आहे, रागावू नका. आमच्या आईने आम्हा पाच भावंडांना हळद-तुपावरच बरं केलं. होळीच्या पुरणाचे चटके, शेकोटीचे चटके, सगळे. एकही डाग राहिला नाही. शुद्ध घरची हळद असेल तर घाबरू नये. जुन्या माणसांनी काही उगाच सांगितलेलं नसतं.

पांझराकाठ
रविवार, सकाळी 9:05

तापीकाठ मावशी, तुमच्या आईंचा अनुभव खोटा कोण म्हणेल? पण ज्या चटक्यांना नुसती लाली येते, फोड येत नाही, ते काही न लावताही आठवड्याभरात बरे होतात, आणि श्रेय हळदीला जातं. मी धुळ्यात जनरल प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे जे येतात ते फोड फुटून त्यात हळद भरलेले. हळद निर्जंतुक नसते, ती पिवळी पूड ओल्या जखमेत बसते, आणि ती काढायची म्हणजे नवी कातडी खरवडायची. शिवाय रंगामुळे जखम किती खोल आहे ते मला दिसतच नाही. तूप, तेल आत्ता लावलं तर उष्णता आत कोंडते. टूथपेस्टमध्ये दात घासायची बारीक पूड असते. शाई, कॉफी, बटाट्याचा कीस, अंड्याचा पांढरा, ओली माती, हे सगळं मी जखमांवरून काढलेलं आहे. पोर रडत असताना ते काढायला लागतं तेव्हा माझाही हात थरथरतो.

बोरीकाठच्या ताई, आता काहीही लावू नका. फोड फोडू नका. ते पाणी आणि वरची कातडी म्हणजे शरीराने स्वतः केलेली पट्टी आहे. स्वयंपाकघरात पोळ्या गुंडाळायचं पातळ प्लॅस्टिक असेल तर सुरुवातीचा थोडा टाकून पुढचा तुकडा नुसता वर पसरा, हाताभोवती आवळून गुंडाळू नका. नसेल तर स्वच्छ धुतलेलं, इस्त्री केलेलं सुती कापड सैल ठेवा. हात उशीवर, छातीच्या वर. दुखत असेल आणि पॅरासिटामॉलची ॲलर्जी नसेल तर 500 मिलीग्रॅमची एक गोळी.

आणि आज रविवार असला तरी आजच दाखवा. जखम लहान आहे, पण हाताची आहे आणि मनगटाच्या सांध्यावर आहे.

भुसावळ_जंक्शन
रविवार, सकाळी 11:20

लहान म्हणजे किती लहान, हे कसं ठरवायचं डॉक्टर? आमच्याकडे प्रत्येक जण "थोडंसंच भाजलंय" म्हणतो.

पांझराकाठ
रविवार, दुपारी 1:10

ज्याला भाजलंय त्याचाच तळहात, बोटं जुळवून, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण 1 टक्का. बाळाला भाजलं असेल तर बाळाचा तळहात मोजायचा, आपला नाही. फोड आलेली जागा त्या तळहाताहून मोठी असेल तर घरी थांबू नका.

आकार लहान असला तरी थेट यायचं असे प्रसंग: चेहरा, हात, पाऊल, गुप्तांग, सांधा. पाच वर्षांखालचं मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई, मधुमेह. हाताला-पायाला कड्यासारखं सगळीकडून भाजलेलं. विजेचा झटका, मग तो विहिरीवरच्या स्टार्टरचा का असेना आणि डाग डाळीएवढा का असेना, कारण वीज आतून जाळत जाते. ॲसिड किंवा शौचालय धुण्याचं रसायन. बंद खोलीतल्या धुरात अडकलेला माणूस. मोठं असेल तर 108 ला फोन.

आणखी एक, ते लोक उलटं समजतात. जागा पांढरीफटक, मेणासारखी किंवा चामड्यासारखी दिसते आणि दुखत नाही, तर ते चांगलं लक्षण नाही. तिथल्या नसाच जळालेल्या असतात. लाल, ओलसर आणि हात लावू न देणारी जखम त्या मानाने वरवरची असते.

भुसावळ_जंक्शन
रविवार, दुपारी 1:45

पाण्याबद्दल एक सांगायलाच हवं, कारण बाहेरगावच्या लोकांना हे सुचत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. दुपारी दोनला गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडला तर पाण्याने हात पोळतो. "नळाखाली धरा" हे वाक्य पुण्या-मुंबईत बरोबर, इथे उन्हाळ्यात नाही. मागच्या वर्षी पुतण्याच्या पायाला बुलेटच्या सायलेन्सरचा चटका बसला. मी घाईत पाय नळाखाली धरला, तर ते पोरगं दुप्पट किंचाळलं. मग वहिनीने माठ आणून पायावर रिकामा केला. तेव्हापासून स्वयंपाकघरातला माठ उन्हाळ्यात आम्ही अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही. टाकीचंच पाणी वापरायचं असेल तर आधी बादलीभर वाहू द्या, हाताने बघा, मग जखमेवर घ्या.

बोरीकाठची (अमळनेर)
रविवार, संध्याकाळी 6:30

दाखवून आले. डॉक्टर म्हणाले दुसऱ्या दर्जाचं, पण वरवरचं, दोन आठवड्यांच्या आसपास भरेल. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, माझं शेवटचं कधी झालं होतं तेच आठवत नव्हतं. फोड तसेच ठेवले. मेणचट जाळीची पट्टी, तिच्यावर गॉज, तिच्यावर सैल बँडेज. प्रत्येक बोट वेगळं मोकळं ठेवलंय आणि हलवत राहा म्हणाले. दोन दिवसांनी पट्टी बदलायला बोलावलंय.

घरात बहिणीच्या वेळचं चांदीचं पांढरं मलम आहे, ते लावू का विचारलं, तर नको म्हणाले. कारण घाईत विचारायचं राहिलं.

सिस्टर_चोपडा
रविवार, रात्री 9:15

ते सिल्व्हर सल्फाडायझिन. 1960 च्या दशकाच्या अखेरीस आलं, तेव्हा भाजलेली माणसं जंतुसंसर्गाने फार जायची, त्यामुळे त्याचं मोठं नाव झालं. मी नोकरीला लागले तेव्हा आम्ही डब्याने लावायचो. पण वरवरच्या जखमा त्याने उशिरा भरतात हे आता कळलंय, आणि जखमेवर पांढरा थर बसून खोली दिसत नाही. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना, गरोदरपणाच्या शेवटी आणि तान्ह्या बाळाला तर नकोच. ते डॉक्टरांनी सांगितलं तरच. आणि कुणाची तरी उघडलेली जुनी ट्यूब दुसऱ्याच्या जखमेवर कधीच नको.

केळीबाग_रावेर
सोमवार, सकाळी 6:05

आमच्या बागेतले मजूर भाजल्यावर केळीचं कोवळं पान बांधतात. पान गार असतं, चिकटत नाही. माझी आई पण बांधायची. डॉक्टरसाहेब, हे पण हळदीसारखंच समजायचं का?

पांझराकाठ
सोमवार, दुपारी 2:20

भाऊ, तुम्ही विचारलंत याचा मला फार आनंद झाला. केळीच्या पानावर आपल्याच राज्यात नीट अभ्यास झालेला आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांवर केळीच्या पानाच्या पट्ट्या वापरल्या आणि 2003 मध्ये ते काम भाजण्याच्या जखमांवरच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आलं. तुलना होती उकडलेल्या बटाट्याच्या सालीच्या पट्टीशी, तीही मुंबईतच डॉ. केसवानी यांनी 1980 च्या दशकात वापरात आणलेली. दोन्हींनी जखमा सारख्याच भरल्या, पान मात्र स्वस्त आणि पट्टी करायला सोपी. पानाचा पृष्ठभाग मेणचट, म्हणून ते ओल्या जखमेला चिकटत नाही आणि काढताना रुग्ण कळवळत नाही. तुमच्या आईंनी हेच हाताने ओळखलं होतं.

पण एक मोठा फरक आहे. तिथली पट्टी ऑटोक्लेव्हमध्ये, दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलेली होती. बागेतल्या पानावर धूळ, पाखरांची विष्ठा आणि फवारणीचं औषध असतं. तेच पान फुटलेल्या फोडावर बांधलं तर पानाचा गुण राहतो बाजूला आणि जंतू आत जातात. म्हणून घरी बांधू नका. माझी मनापासून इच्छा आहे की रावेर, यावल, चोपड्याच्या एखाद्या दवाखान्याने हे निर्जंतुक करून वापरून बघावं. पानांची आपल्याकडे काय कमी?

केळीबाग_रावेर
सोमवार, रात्री 8:40

हे माहीत नव्हतं. आमच्याकडे घड कापल्यावर पानं बांधावर सडतात. मजुरांना उद्या सांगतो, आधी हौदाचं पाणी, पान नको. कुणाला पट्ट्या करून बघायच्या असतील तर हवी तेवढी पानं मी देईन.

कळणा_भाकर
मंगळवार, सकाळी 10:30

माझ्या आईचं इथे लिहिते, ताईंच्या धाग्यात घुसल्याबद्दल माफ करा. आईला 14 वर्षांपासून साखर आहे. गेल्या मे महिन्यात गच्चीवर नागलीचे पापड उलटायला भर दुपारी अनवाणी गेली. तिला काहीच जाणवलं नाही. संध्याकाळी वहिनीला फरशीवर ओले ठसे दिसले, तळपायाला लिंबाएवढे फोड फुटलेले. आम्ही तीन दिवस घरी मलम लावत बसलो, दुखत नाही म्हणजे बरं होतंय असं समजून. जखम चिघळली, एक बोट गेलं. ज्यांच्या घरी साखरेचं माणूस आहे त्यांनी गच्चीच्या दाराशी चप्पल बांधून ठेवा. आणि तळपाय रोज कुणीतरी दुसऱ्याने बघा.

सिस्टर_चोपडा
मंगळवार, दुपारी 3:00

कळणा ताई, हे लिहिलंत फार बरं केलंत. आईला माझा नमस्कार सांगा. असे तळपाय मी दर उन्हाळ्यात बघते.

तापीकाठ
मंगळवार, रात्री 9:50

दोन दिवस विचार करत होते. मला एक आठवलं, जे मी विसरायचा प्रयत्न करत आले. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांचा असताना आंघोळीच्या बादलीत बसला होता. बंबातलं कढत पाणी आधी ओतलेलं, गार घालायचं राहिलेलं. आईने तूप लावून चादरीत गुंडाळलं. तो वाचला, पण मांडीची कातडी आखडली आणि तो आयुष्यभर लंगडला. पाच भावंडांना डाग नाही असं मी वर लिहिलं, ते त्याला सोडून लिहिलं. आईला कुणी सांगितलंच नव्हतं.

पांझराकाठ
मंगळवार, रात्री 10:25

मावशी, आईंनी त्या वेळी जे माहीत होतं ते जिवापाड केलं.

वाचणाऱ्यांसाठी: बादलीत नेहमी गार पाणी आधी, गरम नंतर, आणि कोपर बुडवून बघितल्याशिवाय मूल जवळ नको. 60 अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी काही सेकंदांत खोलवर भाजतं, लहान मुलाची त्याहून लवकर, कारण ती पातळ असते. मूल भाजलं तर भाजलेल्या जागेवरच पाणी, बाकी अंग कोरड्या चादरीत उबदार. अख्खं मूल गार पाण्यात बुडवू नका, ते थंड पडतं. कपडे पटकन काढा, पण कातडीला चिकटले असतील तर भोवतीने कापा आणि चिकटलेला तुकडा तसाच राहू द्या. आणि पुढच्या काही दिवसांत, जखम लहान असली तरी, ताप, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब झाले तर त्याच तासाला दवाखाना.

बोरीकाठची (अमळनेर)
गुरुवार, दुपारी 12:15

पाचवा दिवस. मोठा फोड रात्री झोपेत आपोआप फुटला. घाबरले. कातडी लोंबतेय, कापू का? आणि पट्टी एका कडेला चिकटून बसलीय.

सिस्टर_चोपडा
गुरुवार, दुपारी 12:40

कापू नका, ती कातडी अलगद पसरून झाकण म्हणून राहू द्या, मेलेला भाग दवाखान्यात काढतील. पट्टी ओढू नका. उकळून गार केलेल्या पाण्याने दहा मिनिटं भिजवा, आपोआप सुटेल. मग बदलून घ्या.

आता लक्ष कशावर ठेवायचं ते सांगते. पहिल्या दिवसांपेक्षा ठणका वाढला, लाली कडेच्या पुढे सरकू लागली, पिवळा-हिरवा पू किंवा वास आला, काखेत गाठ आली, ताप आला, तर थांबायचं नाही. थोडा पिवळसर पाझर आणि कडेला खाज मात्र चालते. जेवणात डाळी, अंडी, दूध, शेंगदाणे भरपूर. भाजल्यावर आंबट-तिखट बंद करून नुसता पेज-भात देतात, त्याने जखमेला काही मिळत नाही.

सातपुडा_पायथा
शुक्रवार, सकाळी 7:30

बिब्बा उतला तर हेच करायचं का? आमच्याकडे काटा मोडला की अजून बिब्बा लावतात, आणि आठ दिवसांनी फोडांनी पाय भरलेला असतो.

पांझराकाठ
शुक्रवार, दुपारी 2:05

नाही, तो वेगळा प्रकार. बिब्ब्याच्या तेलाची ती प्रतिक्रिया असते. लगेच साबण आणि भरपूर पाणी, नखाखालचंही तेल काढा, नाहीतर तेच बोट डोळ्याला लागतं. फोड आले की कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. सविस्तर बोलायला नवा धागा काढा, मी येतो.

बोरीकाठची (अमळनेर)
अठरावा दिवस

पट्टी कालपासून बंद. जखम भरली. नवी कातडी गुलाबी, चकचकीत, फार नाजूक, आणि खाज इतकी की रात्री जाग येते. कडेला थोडं काळं पडतंय. हे असंच राहणार का? बहिणीच्या लग्नाला दीड महिना आहे, म्हणून विचारते.

सिस्टर_चोपडा
अठरावा दिवस, रात्री

तीन आठवड्यांच्या आत भरली, म्हणजे जाड व्रण राहण्याची शक्यता कमी. रंग मात्र वेळ घेतो, काही महिने, कधी वर्षभर. दिवसातून तीनदा साधं खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावून बोटाने हलका दाब देत गोल चोळा, खाजही कमी होईल. आता तेल चालतं, कारण कातडी बंद झालीय. ऊन अजिबात लागू देऊ नका. आपल्या उन्हात नवी कातडी चटकन काळी पडते, बाहेर जाताना पूर्ण बाहीचा सुती ब्लाऊज किंवा हातमोजा घाला. जागा फुगून कडक, लाल दोरीसारखी व्हायला लागली तर सिलिकॉन जेल असतं, ते डॉक्टरांना विचारून.

लग्नात बांगड्या भरा, पण घट्ट नको, आणि त्या जागेच्या वर.

बोरीकाठची (अमळनेर)
सव्वीसावा दिवस

काल आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली. खापरावरचे मांडे सासूबाईंनी केले, मला चुलीजवळ येऊ दिलं नाही, मी पुरण वाटलं. दुपारी शेजारच्या पोराचा पाय गरम खापराला लागला. मी आतून धावत येईपर्यंत सासूबाईंनी त्याला रांजणाजवळ बसवलेलं, तांब्याने पाणी ओतत होत्या आणि म्हणत होत्या, "पाय पानीमा धर, हालू नको." त्याच्या आईने हळदीचा डबा आणला, तर त्यांनी तो बाजूला ठेवला आणि नातवाला घड्याळ बघायला बसवलं. फोडसुद्धा आला नाही.

उरलेल्या ज्वारीचे बिबडे परवा घालणार आहोत. या वेळी पातेलं उतरवायचं नाही, घाटा चुलीवरूनच लहान भांड्याने काढायचा, असं ठरलंय.

सिस्टर_चोपडा
सव्वीसावा दिवस, रात्री

फार बरं वाटलं वाचून. मूठ पूर्ण वळते ना? मनगट मागे झुकवून तळहात भिंतीला सपाट टेकतो का, ते बघून सांगा.

बोरीकाठची (अमळनेर)
सत्ताविसावा दिवस, सकाळी

मूठ वळते. भिंतीला टेकवताना मनगटाच्या पाठीला अजून थोडी ओढ बसते, पण टेकतो.

सिस्टर_चोपडा
सत्ताविसावा दिवस, सकाळी

मग तेल लावून झाल्यावर रोज दहा वेळा तसाच टेकवत जा, ओढ जाईपर्यंत. महिन्याभराने पुन्हा लिहा.